‘द चेंजलिंग’मधली बिअ‍ॅट्रिस : बळी की गुन्हेगार?

तळघर

सध्या शेक्सपिअरच्या आगेमागे लिहिल्या गेलेल्या इंग्रजी शोकांतिका वाचायचा सपाटा लावलाय. विष, सुरे, व्यभिचार, वेड्यांचे नाच, सगळा मसाला आहे. त्यात टॉमस मिडलटन आणि विल्यम रोली या दोघांनी मिळून लिहिलेलं ‘द चेंजलिंग’ (१६२२) डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा. नाटक चारशे वर्षांचं आहे, तेव्हा शेवट सांगितला म्हणून कोणी ओरडू नये.

गोष्ट थोडक्यात. स्पेनमधलं अलिकांते. किल्लेदार व्हर्मांडेरोची मुलगी बिअ‍ॅट्रिस-जोआना. बापाने तिचं लग्न आलोन्झोशी ठरवलंय आणि तारीख तोंडावर आलेली असताना हिला देवळात दिसलेला अल्सेमेरो आवडतो. बापाच्या पदरी डी फ्लोरेस नावाचा माणूस आहे. फोडांनी भरलेला चेहरा. तो हिच्यासाठी वेडापिसा, आणि हिला तो नजरेसमोरही नको. मग हिला सुचतं की आलोन्झोचा काटा काढायला हाच बरा. काम झालं की पैसे देऊन यालाही देशाबाहेर पाठवू, म्हणजे दोन्ही ब्यादी टळल्या. तो खून करतो आणि पुरावा म्हणून आलोन्झोचं अंगठीसकट बोट आणून तिच्यापुढे धरतो. ती तीन हजार सोन्याची नाणी देऊ करते. तो बधत नाही. ती रक्कम दुप्पट करते. पैसे त्याला नकोच आहेत, त्याला ती हवी आहे.

पुढे लग्न होतं अल्सेमेरोशी, पण हिचं कौमार्य तर डी फ्लोरेसकडे गेलेलं. म्हणून पहिल्या रात्री नवऱ्याच्या अंथरुणात अंधारात दासी डायफँटा जाते, हजार डकॅट घेऊन. मग तिचाही मुडदा पडतो. शेवटी सगळं बाहेर येतं आणि डी फ्लोरेस बिअ‍ॅट्रिसला आणि स्वतःला संपवतो.

बहुतेक ठिकाणी लिहिलेलं असतं की डी फ्लोरेस तिला नासवतो. मला हे पटत नाही. तो हिशेब मागायला येतो तेव्हा नासायचं ते नासून झालेलं असतं. खून करणारा तो, आपण फक्त मालकीण, अशी तिची ठाम समजूत आहे. बोट बघून ती दचकते खरी, पण लगेच सांगते की बोट पुरून टाक, अंगठीतला खडा मात्र तुझ्या उपयोगी पडेल, तीनशे डकॅटचा तरी असेल. बापाच्या आग्रहावरून तिनेच आलोन्झोला पाठवलेली ती अंगठी. तिची किंमत सांगते ही बाई, त्याच्या बोटावरून ती निघत नव्हती म्हणून बोटच कापून आणलेलं असताना!

तुमचं मत काय? ती बळी की गुन्हेगार?

गावठी_हॅम्लेट

सारांश : सुपारी दिली, सुपारीवाल्याने वसुली भलत्याच चलनात मागितली. चालू द्या. मी खुर्ची टाकून बसलोय.

शरयू_म

छान धागा, पण तळघर, तुमच्याशी निम्मंच सहमत.

हे नाटक मी लंडनला सॅम वॅनामेकर प्लेहाउसमध्ये पाहिलंय, २०१५ च्या सुरुवातीला. शेक्सपिअरच्या ग्लोब नाट्यगृहाच्या आवारातलं ते छोटं लाकडी नाट्यगृह, आत सगळा उजेड मेणबत्त्यांचा. इतक्या जवळून बसल्यावर हातमोज्याचा प्रसंग अंगावर येतो. पहिल्या अंकात बिअ‍ॅट्रिसचा हातमोजा पडतो. बाप डी फ्लोरेसला तो उचलायला सांगतो. त्याचा हात लागला म्हणून ती दुसराही काढून त्याच्या अंगावर फेकते. सगळे गेल्यावर हा माणूस तो मोजा आपल्या हातावर चढवायला लागतो, चामड्यात बोटं घुसवतो. माझ्या कातड्याचे नाचाचे बूट शिवले तर तिला जास्त आवडेल, असं काहीसं पुटपुटतो. सगळं थिएटर हसलं आणि पुढच्या क्षणी सगळ्यांनाच कसंनुसं झालं.

आता तिसरा अंक, जिथे तो ‘फी’ मागतो. वाचताना तो वाद वाटतो, दोघं तोडीस तोड बोलताहेत असं. रंगमंचावर ती गुडघ्यांवर बसलेली असते, रडत असते, माझं सगळं सोनं घे पण मला लग्नाला स्वच्छ जाऊ दे म्हणत असते. तो म्हणतो, रडून का नशीब बदलतं? याला मी दुसरं नाव देऊ शकत नाही. हा बलात्कार आहे. तिने खून करवला हे खरं, पण म्हणून हे खरं नाही असं होत नाही.

कोर्टकचेरी

शरयूताईंना +१. वकिली भाषेत सांगतो : दोन गुन्हे आहेत, दोघांच्याही खाती. पहिल्यात ती चिथावणी देणारी, तो प्रत्यक्ष करणारा. दुसऱ्यात तो आरोपी, ती पीडित. पहिल्यातला आरोपी दुसऱ्यात फिर्यादी असू शकतो, रोज बघतो आम्ही. तळघर दोन्ही फायली एकाच दोऱ्यात बांधताहेत.

फक्त एक गंमत बघा. ती त्याला ‘खून कर’ असं स्पष्ट म्हणतच नाही फारसं. आधी त्याच्या चेहऱ्यावर औषध करून देईन म्हणते, त्याच्या मर्दानगीची तारीफ करते, मी पुरुष असते तर माझ्या मार्गातले काटे मीच काढले असते असा उसासा सोडते. तोच गुडघ्यावर येऊन काम मागतो. साक्षीत उभी केली तर सुटण्यापुरती जागा ठेवून बोललेली आहे बाई.

खाष्ट_सासू

कसली बळी नि कसलं काय. लाडावलेली एकुलती एक लेक. लग्न नको होतं तर बापाला तोंडाने सांगायचं! त्याऐवजी थेट माणूस उडवला.

मोरपंखी

सासूबाई, बापाला सांगून काय झालं असतं? तो पहिल्याच अंकात म्हणतो की हा जावई मी करणारच, नाहीतर माझ्या मनासारखं काहीच होणार नाही. ती त्याला लग्न लांबणीवर टाकायला सुचवते, तेही तो उडवून लावतो. त्या मुलीच्या हातात सरळ रस्ता एकही नव्हता.

आणि हे नाटक हवेतून आलेलं नाही. गोष्ट बरीचशी जॉन रेनल्ड्सच्या १६२१ च्या खूनकथांच्या पुस्तकातली आहे, पण त्या वेळच्या लंडनमधल्या प्रेक्षकाच्या डोक्यात एक खरीखुरी बाई असणार : फ्रान्सिस हॉवर्ड. तिचं १६०६ मध्ये, पोरवयातच, अर्ल ऑफ एसेक्सशी लग्न लावलं गेलं. पुढे तिला राजा जेम्सचा लाडका रॉबर्ट कार आवडला. १६१३ मध्ये तिने लग्न रद्द करून मागितलं, कारण काय तर नवऱ्याला तिच्याशी संबंध ठेवता येत नाही. मग तिची तपासणी झाली, प्रतिष्ठित बायका आणि सुइणींकडून. तिने लाज वाटते म्हणून चेहऱ्यावर बुरखा घेतला, आणि गावभर कुजबुज सुरू झाली की बुरख्याआड दुसरीच मुलगी होती. त्याच वर्षी तिच्या आड येणारा सर टॉमस ओव्हरबरी टॉवर ऑफ लंडनमध्ये कैदेत असताना विषाने मेला. प्रकरण दोन वर्षांनी फुटलं. तिने गुन्हा कबूल केला. हाताखालची चार माणसं फासावर गेली, तिला आणि एव्हाना तिचा नवरा झालेल्या कारला राजाची माफी. टॉवरमधून दोघं सुटली जानेवारी १६२२ मध्ये. ‘द चेंजलिंग’ला खेळाचा परवाना मिळाला मे १६२२ मध्ये!

आता नाटकातली कौमार्याची परीक्षा आणि अंथरुणात पाठवलेली दासी पुन्हा वाचा. प्रेक्षक शेजाऱ्याला कोपर मारत असणार.

पण याच कारणाने मला नाटककारांवर पूर्ण भरवसा नाही. एका बदनाम बाईवर तोंडसुख घ्यायची ही संधी होती आणि त्यांनी ती घेतली. मरताना तिच्या तोंडी काय घातलंय? बापाला म्हणते, मला शिवू नका, मी तुमच्या अंगातलं काढून टाकलेलं नासकं रक्त आहे, गटारात जाऊ दे. त्या काळी प्रकृती सुधारावी म्हणून शीर तोडून रक्त काढत, तो संदर्भ. म्हणजे घराण्याची तब्येत सुधारली, मुलगी गेली म्हणून.

गावठी_हॅम्लेट

मोरपंखी, दंडवत. या धाग्यावर मी विनोद करायला आलो होतो.

तळघर

सगळ्यांचे आभार. एकेक घेतो.

कोर्टकचेरी, दोन फायली वेगळ्या ठेवायला माझी हरकत नाही. शरयू, ती जबरदस्तीच आहे, त्यावर वाद नाही. पण त्या प्रसंगात ती रडते कशासाठी हे बघा. ती म्हणते, तू इतका दुष्ट कसा की त्याच्या मृत्यूने माझ्या अब्रूचा खून करतोस? खून झालाय आलोन्झोचा. तो वाक्यात नावापुरता आहे, आणि ‘खून’ हा शब्द तिने राखून ठेवलाय स्वतःच्या अब्रूसाठी. मग ती घराण्याचा मुद्दा काढते : देवाने तुझ्या रक्तात आणि माझ्या रक्तात किती अंतर ठेवलंय ते बघ. त्यावर तो जे सुनावतो त्याचा आशय असा की घराणं विसर, आता तू त्या कृत्याची लेक आहेस, तुझं जुनं कूळ त्या रात्री संपलं. बोलणारा नीच आहे म्हणून बोललेलं खोटं ठरत नाही.

आणि डी फ्लोरेस स्वतः जन्माने खानदानी आहे, दिवस फिरले म्हणून चाकरीत आलेला. तिला तो कधी माणूस वाटलाच नाही. माणूस वाटला असता तर त्याला काय हवं असेल हा प्रश्न तिला आधी पडला असता. तो रोज कारण काढून समोर येतो, शिव्या खातो, परत येतो. सगळ्या प्रेक्षकांना कळतं, हिला कळत नाही.

विंगेतून

तांत्रिक बाजूने थोडं. हे नाटक झालं ड्रुरी लेनच्या फीनिक्स नाट्यगृहात. ते ग्लोबसारखं उघड्यावरचं नव्हतं, बंदिस्त होतं, उजेड मेणबत्त्यांचा. अशा नाट्यगृहांत अंकांच्या मध्ये वाती छाटायला खेळ थांबे, तेव्हा वाद्यं वाजत. ‘द चेंजलिंग’मध्ये याच मधल्या वेळेचा वापर केलाय. दुसरा अंक संपला, तिसरा सुरू व्हायचाय, लोक पाय मोकळे करताहेत आणि डी फ्लोरेस येऊन नागवी तलवार लपवून जातो. छापील संहितेत तशी रंगसूचनाच आहे. मग तिसऱ्या अंकात तो आलोन्झोला किल्ला दाखवायला नेतो, हातात किल्ल्यांचा जुडगा. वाट अरुंद आहे, तलवार अडकेल म्हणून ती काढून ठेवायला लावतो. आलोन्झो झरोक्यातून बाहेर बघायला वाकतो. आपल्याला सगळं आधीच माहीत आहे. मध्यंतरात आपल्या डोळ्यांदेखत तयारी झाली आणि आपण ओरडलो नाही. प्रेक्षकाला कटात सामील करून घ्यायची याहून साधी युक्ती मी पाहिलेली नाही.

आता उपकथानकाबद्दल कोणी बोललंच नाही. नाटकाचा बराच भाग वेड्यांच्या इस्पितळात घडतो. डॉक्टर अलिबियस म्हातारा आणि संशयी, तरुण बायको इझाबेला, तिला कुलपात ठेवून हा बाहेर जातो. व्हर्मांडेरोच्या घरचे दोन तरुण, एक खुळा बनून, एक वेडा बनून, तिला पटवायला आत शिरतात. बरेच दिग्दर्शक हा भाग कापतात. मी कापणार नाही, आणि कारण एकच. पहारेकरी लोलिओ इझाबेलाला आणि त्या नकली खुळ्याला बोलताना पकडतो आणि लगेच आपला वाटा मागतो. म्हणजे डी फ्लोरेसचंच मागणं : तुझं गुपित मला कळलंय, आता मलाही दे. इझाबेला काय करते? ती त्याला सांगते की तोंड बंद ठेव, नाहीतर याच माणसाला मी खूश करीन आणि मोबदल्यात तुझा गळा कापायला लावीन. लोलिओ गप्प! तीच परिस्थिती, तीच धमकी, आणि ही बाई सुटते, कारण तिच्याकडे लपवण्यासारखं प्रेत नाही.

विद्वानांच्या मते पहिला प्रवेश, शेवट आणि हे वेड्यांचं प्रकरण रोलीचं, मधला मुख्य भाग मिडलटनचा. रोली स्वतः विनोदी नट होता, अंगाने भरपूर. दोघांनी नीट बसून ठरवल्याशिवाय हे जमत नाही.

तळघर

विंगेतून, इझाबेलाचा मुद्दा जबरदस्त. माझ्या बाजूने धरतो!

शरयू_म

तुमच्या बाजूने कसा? माझ्याच बाजूने आहे. दोघींकडे मागणारा पुरुष आहेच, पापी असो की नसो.

जुना_वाचक

थोडं अवांतर. इच्छा, कपट आणि खून हे सगळं परदेशी राजवाड्यांत ढकलण्याआधी इंग्रजांनी ते स्वतःच्या घरातही दाखवलं होतं. ‘आर्डन ऑफ फेव्हर्शॅम’, छापलं गेलं १५९२ मध्ये, लेखकाचं नाव नाही. घटना खरी. केंटमधल्या फेव्हर्शॅम गावात १५५१ मध्ये टॉमस आर्डनचा खून झाला, बायको अ‍ॅलिस आणि तिचा यार मॉस्बी यांनी करवला. हॉलिनशेडच्या बखरीत सगळं तपशीलवार आहे, तिथूनच नाटक आलं.

गंमत म्हणजे हे नाटक खुनाचं असूनही अर्धा वेळ हसवतं. आधी पेजेत विष. आर्डनला चव वेगळी लागते, तो दोन घास खाऊन सोडून देतो. मग ब्लॅक विल आणि शेकबॅग असे दोन भाडोत्री मारेकरी आणतात. लंडनमध्ये ते दुकानाशी दबा धरून बसतात, तेवढ्यात दुकानातला पोऱ्या फळी खाली टाकतो ती नेमकी ब्लॅक विलच्या डोक्यावर. त्याचं डोकं फुटतं, हा आरडाओरडा करतो, आर्डन शेजारून निघून जातो. एका रात्री दार उघडं ठेवायचं ठरतं, आतला नोकर घाबरतो आणि दार लागतं. एकदा धुकं इतकं की मारेकरीच खड्ड्यात पडतो.

शेवटी घरात, सोंगट्यांचा डाव मांडलेला असताना, मॉस्बी ठरलेली खूण म्हणून ‘आता मी तुला घेऊ शकतो’ असं काहीसं म्हणतो आणि ते मागून झडप घालतात. प्रेत शेतात नेऊन टाकतात, पण बर्फ पडलेला असतो. पावलं थेट घरापर्यंत.

यात तळघर यांच्या प्रश्नाला एक उत्तर आहे. आर्डन काही साधू नव्हता. मठांच्या जमिनी बळकावून श्रीमंत झालेला, आणि ज्याची जमीन लाटली त्या रीडचे तळतळाट त्याने नाटकातच घेतलेत. त्याचं प्रेत सापडतं त्याच जमिनीवर. म्हणजे किडलेली एकटी अ‍ॅलिस नव्हे.

गावठी_हॅम्लेट

ब्लॅक विल आणि शेकबॅग यांना आमच्या सोसायटीच्या गळतीचं कंत्राट दिलं होतं वाटतं. काम कधी पूर्ण होत नाही आणि डोकं मात्र फुटतं.

कोर्टकचेरी

अवांतरात भर. अ‍ॅलिस आर्डनला कँटरबरीत जिवंत जाळलं. मॉस्बीला फाशी. फरकाचं कारण कायद्यात होतं : बायकोने नवरा मारला किंवा नोकराने धनी मारला तर तो साधा खून धरत नसत, छोटा राजद्रोह धरत, कारण नवरा हा घरातला राजा. तो प्रकार इंग्लंडच्या कायद्यातून १८२८ मध्ये गेला. नवऱ्याने बायको मारली तर? तो साधाच खून.

दुसरी_घंटा

आणि हे सगळं पोरं करायची! बिअ‍ॅट्रिस, अ‍ॅलिस, इझाबेला, सगळ्या भूमिका कोवळ्या आवाजाच्या मुलांनी. बायका व्यावसायिक रंगमंचावर आल्या १६६० नंतर. आपल्याकडे बालगंधर्व पन्नाशीकडे झुकले तरी नायिका करत होते आणि लोक शालूचं निरीक्षण करायला जात. तिकडे आवाज फुटला की संपलं. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा डी फ्लोरेसपुढे गुडघे टेकून ‘मला स्वच्छ राहू दे’ म्हणतोय, हे डोळ्यांपुढे आणलं की प्रसंगाचा सगळा रंगच बदलतो.

एक शंका : आपल्याकडे शेक्सपिअर एवढा आला, त्याचे हे शेजारी का नाही दिसत?

जुना_वाचक

अभ्यासक्रमात शेक्सपिअर होता म्हणून, दुसरं काय. कॉलेजात जे घोकलं तेच भाषांतराला घेतलं. महादेवशास्त्री कोल्हटकरांचा ‘ऑथेल्लो’ १८६७ चा, आगरकरांचं ‘विकारविलसित’ (म्हणजे हॅम्लेट) १८८३ चं, देवलांचा ‘झुंजारराव’ (म्हणजे ऑथेल्लो) १८९० चा. गणपतराव जोश्यांच्या हॅम्लेटसमोर बाईच्या भूमिकेत बळवंतराव जोग उभे राहायचे. आणि कल्पना करा, व्हिक्टोरियन इंग्रज प्राध्यापक पुण्या-मुंबईच्या पोरांना कौमार्यपरीक्षेचा प्रवेश शिकवतोय!

माल्फीप्रेमी

उशिरा आलो. बिअ‍ॅट्रिस वगैरे ठीक, पण या जातीच्या नाटकांत जॉन वेबस्टरच्या ‘डचेस ऑफ माल्फी’ला तोड नाही (लिहिलं साधारण १६१३ च्या आसपास, छापलं १६२३). तिथे इच्छा निर्मळ आहे. विधवा डचेस आपल्या कारभाऱ्याशी गुपचूप लग्न करते, बस्स. सडलेले आहेत ते तिचे भाऊ, एक कार्डिनल आणि एक फर्डिनंड. फर्डिनंड तर शेवटी स्वतःला लांडगा समजून कबरी उकरतो.

पण तळघर, तुमच्या डी फ्लोरेसचा सख्खा भाऊ तिथे आहे : बोसोला. शिकलेला, हुशार, कार्डिनलसाठी पूर्वी माणूस मारलेला, त्यापायी गलबतावर वल्ही मारायची शिक्षा भोगून आलेला, आणि मोबदला शून्य. हाच बेकार हुशार माणूस या सगळ्या नाटकांना पुढे ढकलतो. वरच्यांना घाण काम करून हवं असतं, खालच्याला मान हवा असतो. डी फ्लोरेस फरक एवढाच करतो की तो उधारीवर राहत नाही.

खाष्ट_सासू

‘उधारीवर राहत नाही’ हे आवडलं. तरी माझं मत तेच. लाडावलेली!

शरयू_म

मूळ मुद्द्यावर येते, कारण मधल्या काळात पुस्तक परत काढून बसले.

मला पाचव्या अंकाने अडचणीत टाकलंय. पहिली रात्र. ठरल्याप्रमाणे डायफँटाने मध्यरात्रीपर्यंत उठून यायला हवं. एक वाजतो, दोन वाजतात, ती येत नाही. बाहेर बिअ‍ॅट्रिस जळफळतेय, कारण ती रांड मजा मारतेय, हे तिचेच उद्गार. डी फ्लोरेस येतो आणि सुचवतो की डायफँटाच्या खोलीला आग लावू, घर जागं होईल, ती धावत आपल्या खोलीकडे येईल आणि तिथे मी असेन. लोक बादल्या घेऊन धावताहेत, आणि चिमणी साफ करायला म्हणून घेतलेल्या बंदुकीचा बार ऐकू येतो.

त्या प्रवेशात बिअ‍ॅट्रिस म्हणते, आता तुझ्यावर प्रेम करणं भाग आहे, माझ्या अब्रूची तू किती काळजी घेतोस! थोड्या वेळाने, चेहरा घाण असला तरी याची सेवा बघा, पूर्वेचा सूर्योदयसुद्धा इतका सुंदर नाही. टी. एस. एलियटने १९२७ च्या लेखात तिच्याबद्दल लिहिलंय की ती पापाला सरावत जाते. लंडनच्या प्रयोगात तिथे लोक हसले होते, मीही हसले असेन. आता वाचताना तसं वाटत नाही. तिसऱ्या अंकात ज्याच्यापुढे ती रडली, त्याच्याशिवाय तिच्याशी खरं बोलणारं कोणी उरलेलं नाही. बापाशी खोटं, नवऱ्याशी खोटं. हे प्रेम म्हणावं की कैद्याला पहारेकऱ्याची सवय होते तसलं काही, मला ठरवता येत नाही. पण तळघर, ‘नासून झालेलं असतं’ हे तुमचं वाक्य इथे टिकत नाही. तिसऱ्या अंकातली बिअ‍ॅट्रिस डायफँटाला मारू देताना निदान थोडी अडखळली असती. पाचव्यातली दासीच्या प्रेतापुढे खोटा गळा काढते आणि डी फ्लोरेसला आग विझवल्याबद्दल बक्षीस द्या म्हणून बापाकडे रदबदली करते. मधल्या वेळात काहीतरी घडलंय, आणि ते त्याने घडवलंय.

माल्फीप्रेमी

वा. हा प्रतिसाद वाचून पाचवा अंक पुन्हा काढतो. सॅम्युएल पेपीजने १६६१ च्या फेब्रुवारीत हे पाहिलं तेव्हा नाटक जोरात चालतं असं डायरीत लिहून ठेवलंय. कारण कळलं.

मोरपंखी

सगळे बिअ‍ॅट्रिसचा पंचनामा करताहेत, पण अल्सेमेरोच्या कपाटाचं काय? बिअ‍ॅट्रिसला नवऱ्याच्या खोलीत औषधांच्या बाटल्या आणि हस्तलिखित सापडतं. त्यात कृती दिलेल्या : बायको गरोदर आहे की नाही कसं ओळखावं, कुमारी आहे की नाही कसं ओळखावं. ‘एम’ लिहिलेल्या बाटलीतून चमचाभर द्यायचं. कुमारी असेल तर आधी जांभया, मग शिंका, मग अनावर हसू. नसेल तर सुस्त, जड होऊन बसेल. ती हे आधी डायफँटावर करून बघते, लक्षणं पाठ करते आणि नवऱ्याने पाजल्यावर तंतोतंत नक्कल करते. त्या बिचाऱ्या नवरदेवाला केवढं समाधान!

म्हणजे हा माणूस प्रेमात पडून माल्टाची सफर सोडतो, देवळात पाहिलेल्या मुलीबद्दल पवित्र वगैरे बोलतो, आणि सामानात हे घेऊन फिरतो. मित्राने संशय घातला की लगेच बाटली काढतो. शेवटी सत्य कळल्यावर तिला डी फ्लोरेससकट त्याच खोलीत कोंडतो, वर टोमणे मारतो. आतून तिच्या किंकाळ्या येतात. आणि तासाभराने सासऱ्याला म्हणतो, अजून एक मुलगा आहे तुम्हाला, मी. नाटकाच्या अखेरीस उभे असलेले सगळे पुरुष एकमेकांचं सांत्वन करताहेत. एकालाही विचारावंसं वाटत नाही की तिला लग्न नको म्हणायची सोय होती का.

गावठी_हॅम्लेट

जांभई, शिंक, हसू. हा धागा वाचताना मला तिन्ही झालं. घरच्यांना कळवतो.

तळघर

हॅम्लेटभौ, अभिनंदन.

मोरपंखी, अल्सेमेरोबद्दल पूर्ण मान्य, तो माणूस मला पहिल्यापासून डोक्यात जातो. शरयू, पाचव्या अंकाबद्दलचं तुमचं म्हणणं बरंचसं पटलं, ती बदलते हे खरं.

पण दुसऱ्या अंकाचा दुसरा प्रवेश एकदा काढून बघा. अल्सेमेरो तिला सांगतो की मी आलोन्झोला द्वंद्वाचं आव्हान देतो, प्रश्नच मिटेल. ती तिथल्या तिथे अडवते. का? तू जिंकलास तरी कायदा तुला माझ्यापासून ओढून नेईल, नाहीतर कुठेतरी जन्मभर लपून राहावं लागेल, असं म्हणते. आणि मग स्वतःशी, की रक्ताचा डाग याहून कुरूप चेहऱ्याला शोभेल, आणि असा एक माझ्या ओळखीचा आहे. अजून डी फ्लोरेस तिच्याशी एक शब्दही बोललेला नाही त्या विषयावर. खुनानंतर माणसाचं काय होतं हे तिला नेमकं ठाऊक आहे. ते कोणाच्या वाट्याला जावं एवढंच ती ठरवतेय.